हँडलवरचा वाटाड्या

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. घरातली वडीलधारी माणसे सांगतात की त्या काळी गावात पत्ता शोधायला नकाशा लागत नसे. देऊळ, ओढा, पार आणि कुणाची तरी विहीर एवढ्या खुणांवर पाहुणा बिनचूक दारात येत असे. आज त्याच शिवारात उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्यांची नावे एकसारखी वाटतात, आणि त्यांच्या फाटकाशी सतत कुणीतरी मोटारसायकलस्वार थांबून मोबाइलकडे पाहत असतो. हा स्वार बहुधा आमच्याच वयाचा असतो. पुष्कळदा तो आमच्याच वर्गातला असतो.

मोटारसायकलीवर वाट दाखवणारे यंत्र कोणते घ्यावे आणि कसे बसवावे, हा विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही असे काही वाचकांना वाटेल. ‘ही आजच्या पोरांची चैन आहे, तोंडाने विचारत गेले की वाट सापडते,’ असे म्हणणारी मंडळी प्रत्येक घरात आहेत. माझे मत याच्या नेमके उलट आहे. गवंड्याला थापी आणि शिंप्याला शिवणयंत्र, तसे आज सामान पोचवणाऱ्या मुलाला हे यंत्र आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सकाळी तास आणि संध्याकाळी सात ते दहा पार्सले, असा माझा दिनक्रम आहे. माझी फी त्यातूनच निघते. रात्री साडेनऊ वाजता ताथवडे आणि हिंजवडीच्या अंधाऱ्या वळणावर वाट विचारायला माणूस भेटत नाही. म्हणून हे चैनीचे साधन नसून कष्टाचे हत्यार आहे, असे मी मानतो. आणि हत्यार म्हटले की ते नीट पारखून घेणे व नीट बसवणे ओघानेच आले.

पारखायचे ते कशावर? आमचे मित्र पडदा केवढा, किंमत किती, दिसते कसे, यावर चर्चा करतात. माझ्या मते कसोटी एकच आहे: त्या यंत्रापायी आपले डोळे रस्त्यावरून किती वेळ हलतात? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर २८ मीटर रस्ता आपण न पाहताच कापला. वेग ताशी ३० धरला तरी हे अंतर १६-१७ मीटर होते. आमच्या महामार्गाखालच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी तेवढ्या अंतरात टेम्पो, पाण्याचा टँकर आणि रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले, सगळे काही असते.

कायद्याचा रोखही हाच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पुढे २०२० मध्ये नियमांत असे स्पष्ट केले गेले की फोनचा उपयोग केवळ वाट पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येईल. म्हणजे यंत्राला मनाई नाही, बेसावधपणाला आहे.

यंत्र पारखायचे तर त्याचे काम कसे चालते, हेही थोडे समजून घेतले पाहिजे. जीपीएसचे किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. आपला फोन त्यांना काहीही पाठवत नाही. तो त्यांचे संदेश फक्त ऐकतो, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून आपली जागा काढतो. यासाठी पैसे पडत नाहीत, इंटरनेटही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा आणि रहदारीची माहिती आणायला. म्हणून कामाच्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे नेट गेले तरी वाट जात नाही. आपल्या देशाने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडून ‘नाविक’ ही यंत्रणा उभी केली आहे. २०२३ साली सोडलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहात साध्या फोनला सोयीचे संदेशही आले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. उघड्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या फरकाने सांगतो. आमच्याकडे महामार्ग आणि सेवा रस्ता अगदी शेजारून धावतात. त्यामुळे आपण खाली असताना यंत्र आपल्याला वर समजते. उंच इमारतींच्या भिंतींवरून संदेश उलटून आले की चूक आणखी वाढते. अशा ठिकाणी पडद्यावरच्या निळ्या रेघेवर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आता निवड. खास मोटारसायकलीसाठी बनवलेली यंत्रे मिळतात. ती पावसात चालतात, उन्हात दिसतात आणि हातमोजे घालूनही वापरता येतात. पण त्यांची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरा मार्ग गाडीच्या काट्याजवळच वळणाचा बाण दाखवण्याचा. २०१८ पासून काही स्कूटरवर आणि पुढे मोटारसायकलींवरही ही सोय आली आहे. मला ती सर्वांत पसंत आहे. कारण तिथे नकाशा नसून फक्त बाण आणि अंतर असते, आणि नजर चटकन परत येते. तिसरा मार्ग तुम्हा-आम्हा सर्वांचा: जवळचाच फोन आणि काहीशे रुपयांचा होल्डर.

हा होल्डर बसवताना घाई करू नये. तो हँडलच्या मध्याजवळ, शक्य तितका नजरेच्या रेषेत, पण वेगाचा काटा झाकणार नाही असा असावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो टाकीला लागत नाही आणि वायर ताणली जात नाही, हे पाहावे. गाडीची वीज १२ व्होल्टची आणि फोनला साधारण ५ व्होल्टची लागते; म्हणून चार्जर चांगला घ्यावा, वायरीत फ्यूज टाकावा, आणि जोडणी किल्ली बंद करताच वीज तुटेल अशी जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावी. थरथरीचाही विचार हवा. ॲपल कंपनीने २०२१ साली स्वतःच सांगितले आहे की मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. म्हणून थरथर शोषणारा रबराचा जोड असलेला होल्डर घेणे शहाणपणाचे. पावसाचे थेंब पडद्याला बोटासारखे भासतात, तेव्हा मुसळधार पावसात फोन खिशात ठेवून आडोशाला थांबून वाट पाहिलेली बरी. आणि मुक्काम टाइप करायचा तो गाडी सुरू करण्याआधी.

एवढे सांगून मी थांबलो असतो, पण एक गोष्ट मनात सलते. मी एका ठिकाणी काम करीत होतो, तिथे पोचायला उशीर झाला की पैसे कापत. होल्डर, चार्जर, इंटरनेट मात्र सारे आमच्याच खिशातून. पैसे वाचवायला एक सोबती फोन हेल्मेटमध्ये गालाशी खोचून चालवत असे, दुसरा एका हातात धरून. मुलांना बेफिकीर म्हणणारे पुष्कळ भेटतात. घड्याळ लावणाऱ्याने होल्डरही लावून द्यावा, असे म्हणणारा भेटत नाही. ज्याचा धंदा आमच्या चाकांवर चालतो, त्याने हत्यार पुरवावे आणि वाट पाहायला थांबलेली दोन मिनिटे उशिरात धरू नयेत. ही मागणी अवाजवी आहे, असे मला वाटत नाही.

कॉलेजकडेही एक विनंती आहे. आपली राष्ट्रीय सेवा योजना शिबिरे भरवते, झाडे लावते. तिने एक दुपार आपल्या वाहनतळावर द्यावी. परिसरातला एखादा मेकॅनिक बोलवावा आणि प्रत्येक गाडीचा होल्डर, वायर व आरसा तपासून घ्यावा. खर्च थोडा आहे, आणि त्या रांगेत जी मुले उभी राहतील त्यांपैकी निम्मी संध्याकाळी कामावर जाणारी असतील. आपल्या प्राध्यापकांनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी याचा विचार करावा.