राजाचा ताम्रपट कपाटांत, शेतकऱ्याची वस्ती खडींत!

कर्नाटकांत बल्लारीजवळ संगनकल्लू-कुपगल येथें ग्रॅनाइटाचे डोंगर आहेत. त्यांवर सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं वस्ती होती. 1946 सालीं बी. सुब्बाराव यांनीं संगनकल्लूस उत्खनन केलें. पुढेंही पुष्कळ खोदकाम झालें. त्यांतून काय निघालें? त्या माणसांना लोखंड ठाऊक नव्हतें. तरी डोंगरांतला काळा डोलेराइट दगड फोडून, घासून त्यांनीं कुऱ्हाडी घडविल्या. गुरें पाळलीं, मूग-कुळीथ पिकविलें, आणि खडकावर वशिंडाचे बैल कोरले.

मुलूख कानडी, पण धंदा आपलाच! यांचें नांव कोणत्याही पोथींत नाहीं. त्यांची बखर म्हणजे ती राख, तीं खापरें, त्या दगडाच्या कपऱ्या. आणि तीच बखर खाणवाले फोडीत असल्याचा इशारा संशोधकांनीं 2004 सालीं दिला. राजाच्या दानाचा ताम्रपट कांचेच्या कपाटांत जपावयाचा आणि शेतकरी-कारागिरांची वस्ती सुरुंगानें उडवावयाची, हा कोठला न्याय?

घण मारणाऱ्या मजुराला आम्ही दोष देत नाहीं. त्याला पोट आहे. दोष परवाना देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. खडीला दुसरे डोंगर आहेत. ही वस्ती दुसरी मिळणार नाहीं. आधीं तपासणी, मग परवाना. आणि जुनी वस्ती निघेल तेथें सुरुंग नाहींच, ही आमची मागणी आहे.

बंधुभगिनींनो, तुमच्या शिवारांत घासलेली दगडी कुऱ्हाड दिसली तर ती जागची हलवूं नका. गांवच्या मास्तरांना दाखवा. तो तुमच्याच कुळाचा दस्तऐवज आहे.