पोटनिवडणुकीचा मतदार

मराठीत ‘पोट’ हे पद मागे लागले की मूळ शब्दाची प्रतिष्ठा थोडी उणावते. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू. ‘पोटनिवडणूक’ हा शब्दही त्याच पंक्तीतला. तीत निवडून येणारा उमेदवार दुसऱ्याच्या उरलेल्या मुदतीत राहायला येतो, तेव्हा शब्द नेमका आहे यात वाद नाही. मात्र या नेमकेपणाने एक समज रूढ केला आहे, की ही निवडणूक दुय्यम असते. आम्हांला तसे वाटत नाही. मधल्या काळात पुन्हा मतदाराकडे जाण्याची ही एकमेव वाट आहे, आणि ती कोणत्या प्रसंगी उघडते व कोणत्या प्रसंगी बंद राहते, यावरून आपल्या लोकशाहीत मताला काय किंमत आहे ते कळते.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव घ्या. विधानसभेला ते रिसोड मतदारसंघात येते आणि लोकसभेला अकोल्यात. (जिल्हा एक आणि खासदार शेजारच्या जिल्ह्याच्या नावाचा, याची तिथल्या मतदाराला आता सवय झाली आहे.) 2009 मध्ये येथून काँग्रेसचे सुभाष झनक निवडून आले. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र अमित झनक आमदार झाले. पुढे 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत मतदारांनी त्यांनाच कौल दिला. म्हणजे पोटनिवडणुकीने येथे पक्ष बदलला नाही, आडनावही बदलले नाही. आमदाराच्या मुलाला मत देणारा केनवडचा शेतकरी भाबडा असतो, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच मतदारसंघात पुढे अटीतटीच्या लढती झाल्या, त्या भाबड्या मतदारांच्या जोरावर होत नाहीत.

तरीही महाराष्ट्रातील पोटनिवडणुकीला एक शोकसभेचे रूप आले आहे, हे नाकारता येत नाही. आर. आर. पाटील गेले, 2015 मध्ये सुमनताई पाटील आल्या. पतंगराव कदम गेले, 2018 मध्ये विश्वजित कदम बिनविरोध आले. ‘सहानुभूतीची लाट’ हा वृत्तपत्रीय शब्दप्रयोग अशा वेळी इतका सहज उमटतो, की मतदार विचार करीत नसून वाहत जातो, असे त्यात गृहीत धरले आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. वस्तुतः लाट नेहमी येतेच असे नाही. पंढरपुरात 2021 साली भारत भालके यांच्या पुत्राचा पराभव झाला. कसब्यात 1995 पासून भाजपकडे असलेली जागा मार्च 2023 मध्ये काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी घेतली. आणि सहानुभूतीने दिलेला वारसा पक्षाकडेच राहतो असेही नाही. देगलूरला 2021 मध्ये वडिलांच्या जागी काँग्रेसतर्फे निवडून आलेले जितेश अंतापूरकर 2024 मध्ये भाजपचे आमदार झाले. धंगेकरही 2025 मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

मृत्यूनंतर मतदाराला बोलावणे येते ते असे. पण तेही नेहमी नाही. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा 1995 पासून सतत निवडून येत होते. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. निवडणूक आयोगाने लोकसभेबरोबरच, 26 एप्रिल 2024 रोजी, पोटनिवडणूक जाहीर केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151 अ नुसार जागा सहा महिन्यांत भरावयाची असते, परंतु उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन नाही. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चमध्ये ती अधिसूचना रद्द केली. पुढे नोव्हेंबरमध्ये ही जागा काँग्रेसच्या साजिद खान पठाण यांनी जिंकली. कायद्याचे गणित बरोबरच होते. पण वर्षभर एका शहराला आमदार नव्हता, आणि मधल्या काळात तेथील मन बदलत होते, हे त्या गणितात कोठेच दिसत नाही.

आता दुसरा प्रसंग पाहा. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे आमदार बाहेर पडले आणि 30 जूनला नवे सरकार आले. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही म्हटले. 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभाध्यक्षांनी दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र ठरविले नाही. राज्याची सत्ता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली आणि त्यासाठी एकही पोटनिवडणूक घ्यावी लागली नाही. एक आमदार निवर्तला तर तालुकाभर मतदानकेंद्रे उभी राहतात; चाळीस आमदार बाजू बदलतात तेव्हा एकही नाही!

कर्नाटकात आणि मध्य प्रदेशात वाट वेगळी होती. तेथे बंडखोरांना आमदारकी सोडावी लागली. डिसेंबर 2019 मध्ये कर्नाटकातील 15 जागांपैकी 12 भाजपने जिंकल्या, तर नोव्हेंबर 2020 मध्ये मध्य प्रदेशातील 28 पैकी 19. यावरून कोणी म्हणेल, की पोटनिवडणुकीने पक्षांतराला शिक्षा तर मिळत नाहीच, उलट मोहोर मिळते. आक्षेप वजनदार आहे. परंतु आम्ही शिक्षेची मागणी करीतच नाही. नारायण राणे 2005 मध्ये शिवसेना सोडून मालवणात पुन्हा उभे राहिले आणि जिंकले; उदयनराजे भोसले 2019 मध्ये राष्ट्रवादी सोडून साताऱ्यात पुन्हा उभे राहिले आणि श्रीनिवास पाटलांकडून हरले. दोन्ही वेळा विचारणा झाली, दोन्ही वेळा उत्तर मिळाले. उत्तर कोणते यापेक्षा विचारणा झाली हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

मराठीच्या वर्गात राजकीय कादंबरी शिकविताना अरुण साधूंचे ‘सिंहासन’ येते. 1979 चा चित्रपटही विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. मुख्यमंत्री, असंतुष्ट अर्थमंत्री, पत्रकार दिगू टिपणीस, फिरणारे दूरध्वनी. सत्तेची हालचाल तेथे बंद दालनात होते आणि मतदार जवळजवळ दिसत नाही. वर्गात ही त्या कलाकृतीची मर्यादा म्हणून मांडण्याचा मोह होतो. आम्हीही पूर्वी तशीच मांडत असू. 2022 नंतर आम्ही ते मत मागे घेतले आहे, कारण केनवडच्या मतदारानेही त्या जूनमध्ये सरकार बदलताना पाहिले, ते दूरचित्रवाणीवर.