प्रतवारी खेळाची की खेळणाऱ्याची?

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला प्रतवारी या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कापसाची प्रत कोण ठरवतो आणि कोणत्या कसोटीवर ठरवतो, यावर त्याच्या पदरात काय पडणार हे अवलंबून असते. तोच न्याय आता त्याच्या मुलाच्या मोबाइलवरील खेळालाही लागू पडतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा हा मुळात प्रतवारीचाच कायदा होय. ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग त्याने पाडले. पहिल्या दोहोंना उत्तेजन, तिसऱ्यावर बंदी. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून चालत आलेला कौशल्य व नशीब हा भेद पैशांच्या खेळांच्या चालकांची ढाल बनला होता; ती ढाल या कायद्याने काढून घेतली. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आहे, हेही योग्यच. कापूस विकून वडिलांनी पाठविलेले परीक्षेचे शुल्क मोबाइलवरील रमीत घालवून बसलेला विद्यार्थी ज्याने समोर पाहिला आहे, तो या बंदीचे स्वागतच करील.

परंतु कायदा खेळाची प्रत ठरवतो, खेळणाऱ्याची नव्हे. तो प्रयत्न रिचर्ड बार्टल या इंग्रज संशोधकाने केला. संगणकावर अनेकांनी एकत्र खेळण्याचा ‘मड’ हा शाब्दिक खेळ १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात जन्मला. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी ते एक. १९९६ मधील निबंधात त्यांनी खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग बहाल केले. गुण व संपत्ती मिळविणारा तो चौकट, नवे प्रदेश खणून काढणारा तो इस्पिक, गप्पागोष्टींत रमणारा तो बदाम आणि इतरांना छळण्यात आनंद मानणारा तो किलवर. एकाच खेळात चौघे चार वेगळ्या गोष्टी शोधत असतात, हे त्यांचे मर्मग्राही निरीक्षण.

व्यापाऱ्याची प्रतवारी मात्र याहून सोपी आहे. फुकट मिळणाऱ्या खेळांच्या धंद्यात ग्राहकांना देवमासा, डॉल्फिन व मासोळी अशी नावे आहेत. खेळाडू काय शोधतो हा येथे प्रश्नच नाही. किती खर्च करतो एवढाच प्रश्न. मूठभर देवमाशांवर हा धंदा पोसला जातो. पैजेवर बंदी आली तरी शोभेची शस्त्रे व पोशाख विकणारे हे जाळे अबाधितच राहते.

या तिन्ही प्रतवाऱ्यांत एक खेळाडू सुटतो, तो म्हणजे खेळ रचणारा. अंगणात भातुकली मांडणारी मुलगी पानांची भांडी करते आणि नियमही स्वतःच ठरवते. जिंकणे-हरणे तेथे नसतेच. २०११ मध्ये पूर्णत्वास आलेल्या ‘माइनक्राफ्ट’ने हीच वृत्ती पडद्यावर आणली, ठोकळे रचून मुले त्यात गावे वसवतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये पुराणकथांच्या आधारे ‘राजी’ हा खेळ घडविला. म्हणजे आपली मुलेही केवळ गिऱ्हाईक नाहीत.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा उपभोक्ता व उत्पादक यांच्यातील भेद आहे, आणि तो वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताने काही घडविताना शिकावे हा विचार देशापुढे ठेवला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. तेव्हा साधन टकळी होते. आज मुलांना स्वतःचा खेळ रचू देणारे ‘स्क्रॅच’ २००७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. शाळांतील संगणक कुलपात राहणार असतील, तर त्याचा उपयोग काय?

बंदी घालणे हे शासनाचे काम. ते त्याने केले. मात्र खेळणाऱ्या मुलाची प्रत वाढविणे हे शिक्षकाचे व पालकाचे काम आहे. ते आपण केले नाही, तर त्याची प्रतवारी व्यापारीच करील, आणि भावही तोच ठरवील.