घास आणि इंद्रियें

गेल्या वर्षीं आमचा ५ वर्षांचा नातू वरणभात पाहतांच पानावरून उठे. मऊ भात जिभेस लागला कीं ओकारी येई. चुरमुरे, पापड आणि कडक भाजलेली पोळी मात्र तो आनंदानें खाई. ३४ वर्षें मुलें शिकविलीं, या भरंवशावर मीं तत्काळ निदान केलें : लाड! एके दिवशीं त्याचा हात धरून मीं घास तोंडांत कोंबला. त्यानें तो ओकून टाकला, आणि पुढें महिनाभर मी पंक्तीस असलों कीं तो पानावर येईना. ज्या घरांत अन्नास पूर्णब्रह्म मानावयाचें, तेथें अन्नाचें भय मींच उत्पन्न केलें होतें.

सूनबाईनें त्याला एका व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलें. त्यांनीं प्रथम डॉक्टरांकडून वजन, मलावरोध व गिळण्याची क्रिया यांची तपासणी करविली. मग या निवृत्त मास्तरास धडा दिला. आपण ज्ञानेंद्रियें ५ मोजतों. बाईंनीं आणखी २ संवेदना सांगितल्या : अंतःकर्णामुळें कळणारा तोल, आणि स्नायू व सांधे यांमुळें कळणारी अंगाची स्थिति. या सर्वांची मेंदूंत जुळणी कशी होते, हा विषय अमेरिकेंतील जीन एअर्स या विदुषीनें १९७२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. एखाद्या मुलास मऊ, बुळबुळीत स्पर्श आपल्याहून कितीतरी तीव्र भासतो. त्याची ओकारी हा हट्ट नसून शरीराचें उत्तर असतें.

म्हणून दोन उपचार एकत्र योजले. आधीं अंगाची तयारी : उशांवर उड्या, पुस्तकांची पिशवी ओढणें, डाळीच्या परातींत हात घालून खेळणें. लगेच जेवण, पायांखालीं टेकू हवाच, कारण खुर्चीवर पाय अधांतरीं लोंबत असतां मुलाचें लक्ष तोल सांभाळण्यांत जातें. वरणाची वाटी पहिल्यानें नुसती शेजारीं. पुढें ढवळणें, वास घेणें, बोट लावणें, ओठांस लावणें. घास सर्वांत शेवटीं, आणि नकोसा वाटल्यास थुंकण्याची मोकळीक. पानांत एक तरी आवडीचा पदार्थ असावा. आग्रह, आमिष व धाक तिन्ही वर्ज्य. नवा पदार्थ १०-१५ वेळां समोर येऊनही मूल त्यास शिवलें नाहीं, तरी निराश होऊं नये.

यांत चमत्कार नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालींच बजाविलें, कीं संवेदन-उपचारांचा पुरावा मर्यादित आहे. गुण येतो कीं नाहीं, हें मधून मधून पडताळावें. मुलाचें वजन घटत असेल, जेवतांना वारंवार ठसका लागत असेल, किंवा खाण्यांतले पदार्थ एकेक करून गळत चालले असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

आठ महिन्यांनंतर आमचा नातू पोळीचा तुकडा वरणांत बुडवून खातो. भात अद्यापि नाहीं. परवां मात्र तो आपण होऊन माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसला. मुळाक्षरें न शिकवितां मीं कधीं कोणास श्लोक वाचावयास लावला नव्हता. घासालाही मुळाक्षरें असतात, हें मला साठी उलटल्यावर शिकावें लागलें.