अद्भुताचें भय

सांप्रत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक विलक्षण तक्रार वारंवार कानीं पडूं लागली आहे. मुलें मुळींच वाचीत नाहींत, ही जुनी तक्रार तर आहेच. पण एखादें मूल चुकून वाचूं लागलें, तर तें भलतेंच वाचतें, ही तिची धाकटी बहीण आतां तिच्या जोडीला आली आहे. भलतें म्हणजे काय, असें विचारावें, तर उत्तर ठरलेलें असतें: राजपुत्र, जादूगार, मंत्र आणि बोलणारे पशुपक्षी. म्हणजे आपले जुने टीकाकार जिला अद्भुत कादंबरी म्हणत, तीच ही. तिच्यावर फिर्याद करणारे लोक अडाणी नाहींत, पदवीधर आहेत. आणि म्हणूनच हा खटला एकतर्फी निकालांत निघावा, हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नव्हे. गेल्या उन्हाळ्यांत बारामती तालुक्यांतील वडगांव निंबाळकर येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचा चार दिवस मुक्काम होता. तेथें बारा वर्षांच्या एका मुलाच्या हातून त्याच्या वडिलांनीं असेंच एक पुस्तक आमच्यादेखत काढून घेतलें. कथा अशी कीं, राज्याचा वारस असलेला एक राजपुत्र गादीवर बसण्यापूर्वीं डोंगरापलीकडच्या एका मांत्रिकाकडे विद्या शिकावयास जातो. वडिलांचे आक्षेप तीन होते. अशा पुस्तकांनीं अंधश्रद्धा वाढते, हा पहिला. त्यांचा खऱ्या आयुष्याशीं संबंध नसतो, हा दुसरा. आणि राजे नाहींसे झाले असतां राजपुत्रांच्या गोष्टी हव्यात कशाला, हा तिसरा. मुलाचें म्हणणें कोणी विचारलें नाहीं, आम्ही विचारलें. तो म्हणाला, ‘त्याला अजून एकहि मंत्र शिकवलेला नाहीं. वर्षभर नुसतें पाणीच भरायला लावलें आहे.’ आमच्या मतें या पुस्तकावर जी टीका व्हावयास हवी होती, ती या एका वाक्यांत आली होती, आणि ती वडिलांच्या तिन्ही आक्षेपांहून अधिक मार्मिक होती.

पहिला आक्षेप वजनदार आहे. आम्ही तो हंसण्यावारी नेत नाहीं. ज्या महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत भर रस्त्यांत खून झाला, आणि त्याच वर्षीं ज्या राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथें जादू हा शब्द ऐकतांच विचारी बापाच्या कपाळाला आठी पडली, तर त्यांत नवल कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती आठी कोणासाठीं? बुवा म्हणतो, हें खरें आहे, शंका घेऊं नको आणि दक्षिणा ठेव. कथाकार म्हणतो, हें मीं रचलेलें आहे, घटकाभर खरें मानून ऐक. बुवाला तुमची शंका ही शत्रूसारखी वाटते. कथाकाराचा सारा व्यवहार मात्र तुमच्या शंकेच्या साक्षीनेंच चालतो. ज्या मुलानें लहानपणीं शंभर खोट्या जादू आवडीनें वाचल्या, त्याला एकशेंएकावी जादू खरी म्हणून विकणारा माणूस ओळखणें सोपें जातें कीं अवघड, याचा विचार आक्षेपकांनीं शांतपणें करावा.

हें आमचें केवळ अनुमान नव्हे. आपल्याकडील अद्भुताचा महासागर म्हणजे कथासरित्सागर. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठीं तो रचला. त्याचे १८ लंबक आणि १२४ तरंग आहेत. विद्याधर, वेताळ, यक्षिणी यांची त्यांत रेलचेल आहे. पण त्याच ग्रंथांत ढोंगी साधूंची जी फजिती आहे, ती आमच्या सुधारक वर्तमानपत्रांतहि क्वचितच आढळेल. गंगाकांठचा एक मौनव्रती तापस एका व्यापाऱ्याच्या कन्येवर लुब्ध होतो. तिचें लग्न झालें तर तुझा कुलक्षय होईल, असें तो बापाला भिववतो, आणि तिला पेटींत घालून, वर दिवा लावून, रात्रीं गंगेंत सोडावयास सांगतो. पेटी सांपडते एका राजपुत्राला. तो कन्येशीं विवाह करतो आणि पेटींत एक भयंकर वानर घालून ती पुन्हां प्रवाहांत सोडून देतो. पुढें तापस दार लावून मोठ्या उत्कंठेनें ती उघडतो, आणि नाक-कान गमावून बाहेर पडतो. तपस्व्याचें सोंग घेऊन उज्जयिनीच्या पुरोहिताला खोट्या रत्नांनीं लुबाडणाऱ्या शिव आणि माधव या दोन ठकांची कथाहि तेथेंच आहे. बुवाबाजीवर याहून चांगला धडा कोणत्या क्रमिक पुस्तकांत आहे, तें आम्हांस दाखवावें.

शिवाय या आक्षेपांत एक विसंगति आहे. पुस्तक जप्त करणारे आमचे स्नेही नाट्यसंगीताचे मोठे भोक्ते आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘विद्याहरण’ नाटक १९१३ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून महाराष्ट्रानें तें डोक्यावर घेतलें. त्याचें कथानक कोणतें? परक्या, किंबहुना शत्रूच्या, गुरूकडे जाऊन मेलेल्यास उठविण्याचा मंत्र शिकणाऱ्या तरुणाचें! बारामतींत ज्यांचें बहुतेक आयुष्य गेलें, त्या मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आर्यांत जें भारत रचिलें, त्याच भारताच्या आदिपर्वांतील ही कचाची कथा. म्हणजे वडगांवच्या मुलानें जें वाचूं नये, तें त्याच्या तालुक्याच्या कवीनें ज्या ग्रंथावर आयुष्य वेंचलें, त्या ग्रंथांत आहे. आणि त्याचे वडील त्याच कथेचीं पदें गुणगुणत असतात. अद्भुत जुनें असलें म्हणजे संस्कृति, आणि नवें असलें म्हणजे अंधश्रद्धा, असा हा न्याय दिसतो.

दुसरा आक्षेप वास्तवाचा. मराठी कादंबरीच्या आरंभींच हा वाद होता. १८५७ सालीं बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ निघालें, तें विधवांच्या प्रत्यक्ष दुःखाविषयीं होतें. पण वाचक गेले लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’कडे (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषे’कडे (१८६८). रिसबुडांनीं आपल्या प्रस्तावनेंत आमच्या लोकांचीं आयुष्यें इतकीं एकसुरी आहेत कीं, तीं जशींच्या तशीं लिहिलीं तर करमणूक होणार नाहीं, अशा आशयाची कबुली मोकळेपणानें दिली. पुढें हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीनें त्याच एकसुरी म्हटलेल्या घरांत केवढा आकांत कोंडलेला आहे, तें दाखविलें, आणि रिसबुडांचें म्हणणें कायमचें खोडून काढलें. हरिभाऊंविषयीं आमचा आदर कोणाहूनहि कमी नाहीं. परंतु त्यांच्या विजयाचा अर्थ आमच्या टीकाकारांनीं भलताच लाविला. वास्तव लिहितां येतें, एवढें सिद्ध झालें होतें. वास्तवाखेरीज कांहीं लिहूंच नये, हें सिद्ध झालें नव्हतें. तेव्हांपासून अद्भुताला आम्हीं पोरांच्या पंक्तीला बसविलें आणि चांगल्या लेखकांनीं तिकडे पाठ फिरविली. फळ असें कीं, ज्या भूमींत गुणाढ्याच्या बृहत्कथेची दंतकथा जन्मली, तेथल्या मुलाला राजपुत्राच्या विद्याभ्यासाची गोष्ट आज बहुधा भाषांतरांतूनच वाचावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत हलका आहे. वडगांवच्या नांवालाच निंबाळकर हें राजघराण्याचें आडनांव चिकटलेलें आहे. निरेपलीकडील फलटणचें नाईक-निंबाळकरांचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि १९७१ सालीं संस्थानिकांचे तनखेहि बंद झाले. ठीकच झालें. पण कथेंतला राजपुत्र हा संस्थानिक नव्हे. ज्याला कांहीं न करतां मोठें घर, मोठें नांव आणि मोठ्या अपेक्षा वारशानें मिळाल्या, तो कथेच्या दृष्टीनें राजपुत्रच. या व्याख्येनें आपलीं बहुतेक मुलें राजपुत्र आहेत. जन्मानें मिळालेलें पुरेसें नाहीं, तें पेलण्यासाठीं परक्याच्या दारीं शिकावें लागतें, हेंच जर कथा सांगत असेल, तर ती राजेशाहीची भाट कशी? इंग्रज लेखक टी. एच. व्हाइट यानें १९३८ सालीं ‘द सोर्ड इन द स्टोन’ लिहिलें. त्यांतील आर्थर भावी राजा आहे, पण त्याला तें ठाऊक नाहीं. त्याचा गुरु मर्लिन त्याला राजनीतीचे धडे देत नाहीं. त्याला किल्ल्याच्या खंदकांतील मासा करतो, ससाण्यांत ससाणा करतो. उद्यां ज्याच्या हातीं सत्ता यावयाची, त्यानें आधीं दुर्बळाच्या कातडींत राहून पाहावें, हें यांतलें मर्म आहे. लोकशाहीला याहून उपयुक्त जादू आम्हांस ठाऊक नाहीं.

एवढें म्हटल्यावर अद्भुत कादंबरीच्या कैवाऱ्यांनीं आनंदानें टाळ्या पिटण्याचें कारण नाहीं. त्यांच्याशींहि आमचें भांडण आहे. यांपैकीं पुष्कळ पुस्तकें वाईट असतात. मात्र त्यांत जादू असते म्हणून नव्हे, तर त्यांत विद्या नसते म्हणून. नायकाच्या दंडावर जन्मखूण असते, कोणी तरी भविष्य वर्तविलेलें असतें, आणि तिसऱ्या प्रकरणांत हात उंचावतांच वीज कोसळते. शिकणें म्हणून कांहीं नसतेंच. हा दोष जुना आहे. सोमदेवहि त्यांतून सुटलेला नाहीं. त्याच्या आठव्या लंबकांत शाकलच्या राजाचा पुत्र सूर्यप्रभ याला मयासुर येऊन विद्या शिकवितो, कारण विद्याधरांचें चक्रवर्तिपद त्याच्या कपाळीं लिहिलेलेंच असतें. शिकणें थोडक्यांत आटोपतें. विवाह आणि युद्धें मात्र आटोपतां आटोपत नाहींत. जेथें यश आधींच लिहिलेलें आहे, तेथें गुरु हा केवळ निरोप्या ठरतो.

याच्या उलट कचाकडे पाहावें. एक सहस्र वर्षें सेवेचें व्रत. तीन वेळां मृत्यु. शेवटीं गुरूच्याच पोटांत राहून मंत्र शिकणें, आणि बाहेर येतांच, आपल्यामुळें गतप्राण झालेल्या गुरूला त्याच मंत्रानें उठविणें. एवढें करूनहि देवयानीचा शाप भोंवतोच: ही विद्या तुला स्वतःला फळणार नाहीं. कच त्यावर म्हणतो कीं, मी ज्याला शिकवीन त्याला तरी फळेल. विद्येचें मोल आणि विद्येचें सार्थक या दोन्ही गोष्टी ह्या कथेंत आहेत, आणि जादू काढून टाकली तर त्यांतील एकहि उरत नाहीं. अद्भुताची कसोटी हीच: जादूला किंमत पडते कीं नाहीं? पडत असेल तर तें साहित्य. नसेल तर तो नुसता दारूकामाचा धूर. प्रतिष्ठानच्या तपोदत्ताची गोष्टहि हेंच सांगते. तारुण्यांत अभ्यास टाळून नंतर तपानेंच विद्या मिळवूं पाहणाऱ्या या ब्राह्मणापुढें इंद्र वेष पालटून येतो आणि गंगेंत मुठीमुठीनें वाळू टाकूं लागतो. हें काय, असें विचारतां तो म्हणतो, पूल बांधतों आहें. तपोदत्त हंसतो, आणि मग स्वतःलाच हंसून अभ्यासाला लागतो.

आतां शेवटचा प्रश्न आम्ही वडिलांनाच विचारतों. मंत्रावर खरा विश्वास कोणाचा आहे, मुलाचा कीं आपला? प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाची कथा सोमदेवानेंच सांगितली आहे. जलक्रीडेंत राणी संस्कृतांत म्हणाली, पाण्यानें मारूं नका. संधि न कळल्यामुळें राजानें मोदक मागविले आणि तो हास्यास्पद झाला. त्याला व्याकरण हवें झालें, तेंहि ताबडतोब. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षें लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. राजानें कोणाला पसंत केलें असेल, हें सांगावयास नको. कार्तिकेयाच्या वरानें शर्ववर्म्यानें पैज जिंकली आणि नर्मदाकांठचा प्रदेश बक्षीस मिळविला. हरलेला गुणाढ्य तीन भाषा सोडून अरण्यांत गेला आणि तेथें त्यानें बृहत्कथा रचली. आज आपल्या शहरांतून आणि तालुक्यांच्या गांवांतूनहि भिंतोभिंतीं ज्या शिकवणीवर्गांच्या जाहिराती झळकतात, त्या सगळ्या शर्ववर्म्याच्या आहेत, आणि त्यांच्या दारांशीं मुलांना घेऊन रांगा लावणारे आपण सातवाहन आहों. शर्ववर्म्यापाशीं निदान कार्तिकेयाचा वर होता; यांच्यापाशीं तोहि नाहीं.

निरेच्या डाव्या कालव्यानें ज्या भागांत ऊंस उभा केला, तेथल्या लोकांना तरी हें नव्यानें सांगावयास नको. तो कालवा १८७६ सालच्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या हातांनीं सुरू झाला. पाणी कोणाच्या मंत्रानें आलें नाहीं. वर्षभर पाणी भरणारा राजपुत्र आपल्या मुलाला आवडतो, याचें त्या भूमींतल्या बापानें भय बाळगावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. मराठी लेखकांनीं असे राजपुत्र निर्माण करावेत, टीकाकारांनीं त्यांतील फुकटची जादू निर्दयपणें झोडपावी, आणि वडीलधाऱ्यांनीं पुस्तक काढून घेण्यापूर्वीं तें एकदां स्वतः वाचावें. एवढें केलें, तर अद्भुतापासून कोणास भय उरणार नाहीं. उरलेंच, तर तें सहा महिन्यांत सर्व विद्या देऊं म्हणणाऱ्यांना उरेल.