दोन इंजिनांची गाडी, एक झेन आणि आपला जिल्हा

मंडळी, आज धानाच्या बोनसवर नाही, रस्त्यातल्या खड्ड्यांवर पण नाही. आज गाडीवर लिहितो. शेवटी गोष्ट खड्ड्यांच्याच मालकांपर्यंत जाते, म्हणून वाचा.

आपल्या तुमसरातल्या एका गॅरेजवर काम करणारा पोरगा. आयटीआय केलेला, वय बावीस-तेवीस. नाव लिहीत नाही, कारण पोस्ट टाकल्यावर त्याच्या बाबांचा फोन मलाच येईल. माझ्या स्कूटरचा क्लच वायर बदलता बदलता म्हणाला, "भाऊ, दोन इंजिनची गाडी बनवाची हाय. ट्रॅकवर चालवाची. बेस कोनती घेऊ सांगा ना जी."

"काहून दोन? एकच मोठं बसव ना."

"एक पुढची चाकं ओढते, एक मागची ढकलते. फोर व्हील होते."

हसण्यावारी नेणार होतो. मग घरी येऊन वाचलं, तर हे वेड जुनं आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने वाळवंटासाठी 2सीव्ही सहारा काढली होती, पुढे एक इंजिन आणि मागे एक. अशा 694 गाड्या बनल्या. इंग्लंडमध्ये 1963 साली दोन इंजिनांची मिनी सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरली, तिथे मागच्या इंजिनाचं पाणी तापून हैराण झाले. जपानच्या नोबुहिरो टाजिमांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या घाटासाठी दोन इंजिनांची सुझुकी कल्टस बांधली. कल्टस नाव अनोळखी वाटेल, पण आपली मारुती 1000 आणि एस्टीम त्याच घराण्यातल्या. म्हणजे पोराचं डोकं फिरलेलं नाही. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणीवरच्या गाड्या उघडून बसवणारे मिस्त्री आपल्या तालुक्यात आहेत, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. लोखंडाची भाषा इथल्या पोरांना येते.

तर बेस कोणती? गॅरेजवर बसलेल्या प्रत्येकाचं वेगळं मत. एकजण म्हणे जुनी जीप. जीप जड, आणि इंजिन लांबीत बसवलेलं, शाफ्ट मागे जाणारा. दुसरा म्हणे नॅनो, तिचं इंजिन आधीच मागे आहे, पुढे डिक्कीत दुसरं टाका. ऐकायला झकास, पण नॅनोच्या पुढच्या चाकांना एक्सल जोडायची सोयच नाही, ती सगळी नव्याने करावी लागेल. स्विफ्ट चांगली, पण महाग, आणि नव्या गाडीत दोन कॉम्प्युटर, दोन चाव्या, दोन वायरिंगची भानगड. मारुती 800 सगळ्यात स्वस्त आणि हलकी. पण तिचं 796 सीसीचं इंजिन जुन्या मॉडेलात 37 एचपीच्या आसपास. दोन मिळून 74. एवढा खटाटोप करून 74?

माझं मत जुन्या झेनला. 1993 साली आलेली, 993 सीसी, साधारण 50 एचपी, वजनाला हलकी. मुख्य म्हणजे इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला, त्यामुळे इंजिनपासून चाकापर्यंतचा सगळा पसारा पुढच्या एका भागात येतो. एक नाही, दोन झेन घ्यायच्या. पहिलीची बॉडी सरळ आणि न गंजलेली पाहिजे. दुसरी मागून ठोकलेली घ्यावी, स्वस्तात मिळते आणि आपल्याला तिचा पुढचाच भाग हवा. तो कापून पहिलीच्या मागच्या सीटच्या जागी बसवायचा. दोन्ही एकाच मॉडेलच्या, दोन्ही कार्बोरेटरच्या, म्हणजे एका पेडलवरून दोन सारख्या केबल नेता येतात.

इथे एक गंमत आहे. मागचं इंजिन ज्या तोंडाने पुढे होतं त्याच तोंडाने बसवायचं. उलटं फिरवलं तर मागची चाकं उलटी फिरतात, पुढे जायला एक गिअर आणि रिव्हर्सला पाच! आणि दुसऱ्या गाडीचा पुढचा भाग मागे आला म्हणजे ती चाकं वळणारी चाकं. त्यांचे टायरॉड चेसिसला पक्के जखडायचे, वेल्डिंग कच्चं राहिलं आणि वळणावर एक सुटला तर मागचं चाक स्वतःच्या मनाने वळेल. मागच्या रेडिएटरला हवा कुठून, दोन गिअरबॉक्सला एक लिव्हर कसा, एक इंजिन वळणात बंद पडलं तर गाडी गोल फिरेल त्याचं काय, हे सगळं आहेच. यातलं मी त्याला थोडं सांगितलं, बरंच त्यानेच मला सांगितलं.

आता माझा खरा मुद्दा. बेस गाडी निवडताना हे पोरं इंजिन बघतात, वजन बघतात, भाव बघतात. कागद कोणी बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टींना धक्का लागेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दोन इंजिनांची झेन एमएच-36 ची पाटी लावून भंडारा रोडवर आली की ती बेकायदा, कितीही छान बांधली असली तरी. ती ट्रॅकचीच ठेवायची. रस्त्यावरून कायमची उतरवली की 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

आणि हा कायदा मला जाचक वाटत नाही. दोन इंजिनांच्या मिनीवाला जॉन कूपर, ज्याचं नाव त्या गाडीला लागलं तो माणूस, 1963 साली लंडनजवळ तशीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवताना गंभीर जखमी झाला. शर्यतीचं आयुष्य गेलेला माणूस तो. आपलं पोरगं रात्री अकराला देव्हाडीच्या रस्त्यावर काढणार, समोरून धानाचा ट्रॅक्टर, मागे लाइट नाही.

पण मग ट्रॅक कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरला कारी, दिल्लीजवळ बुद्ध सर्किट. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, पण तिथे कंपन्यांच्या गाड्या तपासतात, आपल्या पोराला गेटवरच थांबवतील. म्हणजे कायदा म्हणतो रस्त्यावर नको, आणि ट्रॅक हजार किलोमीटरवर. पोरगं काय करणार? रस्त्यावरच काढणार. हे सांगायला ज्योतिषी नको.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, साठ हजाराच्या आसपास खर्च. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी व्हिडिओ बघितला, म्हणाले ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, बदल्यात बोलेरो देतो. दिली पण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण बातमी शेअर केली. पण बोलेरो एका घरात गेली. दुसऱ्या लोहाराला गाडी कुठे चालवून बघायची हे कोणी सांगितलं नाही.

मी तुमसरला रेस ट्रॅक मागत नाही, लोक दगड मारतील. महिन्यातून एक रविवार, कुंपण असलेली एक पक्की जागा, दोन तास. ॲम्ब्युलन्स उभी, आग विझवायचे सिलिंडर, एक आयटीआयचे सर आणि आरटीओचा एक माणूस. आधी गाडी तपासा, मग सोडा. बॉडीत पाइपचा पिंजरा नाही, हेल्मेट नाही, तर घरी पाठवा. नेत्याचं हेलिकॉप्टर उतरवायला दोन दिवसांत मैदान सपाट होऊन चुना पडतो हे आपण डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा जागा नाही हे कारण मला सांगू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देतोय. गॅरेजवाल्यांच्या सह्या घेणं सुरू आहे, मोठ्या बाजारात मी शनिवारी संध्याकाळी असतो.

पोराला एक झेन मिळाली आहे. दुसरी पण सापडली होती, पण तिच्या आरसीवरचे मालक वारले आणि घरच्यांनी नाव बदललंच नाही, म्हणून मीच नको म्हटलं. कोणाच्या अंगणात कार्बोरेटरवाली, मागून ठोकलेली झेन पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. कागद पूर्ण असतील तरच.