आकाशगंगेंतील काळे पट्टे

शाळेंत खगोलाचा धडा आला म्हणजे मुलें ताऱ्यांचीं नांवें पाठ करितात व पालकांस तेवढ्यानें समाधान होतें. ताऱ्यांच्या मधल्या काळोखाविषयीं कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें शिकण्याजोगें पुष्कळसें तेथेंच आहे.

आश्विनांत चंद्र नसलेल्या रात्रीं धानाच्या बांधावर उभें राहून पाहावें. हंसापासून श्रवणापर्यंत व तेथून दक्षिणेकडे आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी दिसते. हर्शेलसारख्या निरीक्षकास अशा जागा म्हणजे आकाशास पडलेलीं भोकें वाटलीं. वस्तुतः तेथेंही तारे आहेत; मध्यें धुळीचे व वायूचे मेघ आडवे आले आहेत इतकेंच. १९०४ सालीं हार्टमान यांस मृगांतील बाणाच्या एका ताऱ्याच्या प्रकाशांत कॅल्शियमची अशी एक रेषा आढळली, कीं जी ताऱ्याबरोबर हलत नव्हती. वाटेंतील वायूचा तो शिक्का होता. धूळ प्रकाश मंद करिते हें १९३० सालीं ट्रम्प्लर यांनीं दाखविलें. ती निळा प्रकाश अधिक अडविते, म्हणून दूरचा तारा आपल्या मूळ रंगाहून तांबूस दिसतो.

पौषांतील धुक्यांत वैनगंगेवरील कारधा पुलाचे दिवे पाहावे. अमुक दिव्यापासून पुढचे सारे एकदम अंधुक झाले, तर धुक्याचा लोट कोठें आहे हें तेथें न जातांही कळतें. ताऱ्यांचेंही तसेंच. २०१३ सालीं सोडलेल्या 'गाया' यानानें शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचीं अंतरें मोजण्याची सामग्री दिली; तिच्या आधारें मेघांचे नकाशे होत आहेत.

"हें विलायतेंतील लोकांचें काम," असें कित्येक पालक म्हणतात. तें खरें नव्हे. पुण्यास १९८८ सालीं 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. धुळीचे लांबट कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रांत एका दिशेस वळतात व त्यांतून येणारा प्रकाश किंचित् ध्रुवित होतो. हा शोध १९४९ सालचा. हें ध्रुवण लक्षावधि ताऱ्यांचें मोजावयाचें, यासाठीं 'पॅसिफाए' ही योजना आहे. तिचीं 'वालॉप' नामक यंत्रें याच पुण्याच्या संस्थेंत घडविलीं गेलीं. एक क्रीट बेटासाठीं, दुसरें दक्षिण आफ्रिकेंतील सदरलँडसाठीं.

उपयोग काय, असेंही विचारतात. मार्च २०१४ मध्यें दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ च्या शास्त्रज्ञांनीं विश्वारंभींच्या लहरींची खूण सांपडल्याचें जाहीर केलें. २०१५ सालीं त्यांनींच 'प्लँक' यानाच्या मंडळीबरोबर बसून पुन्हा हिशेब केला, तेव्हां आपल्याच आकाशगंगेंतील धुळीमुळें तो दावा टिकत नाहीं असें दिसलें. धुळीचा अचूक नकाशा हवा तो यासाठीं. आम्हांस तर पहिल्या घोषणेपेक्षां हा दुसरा हिशेबच वर्गांत शिकविण्यास अधिक योग्य वाटतो.

परंतु देवाच्या सृष्टीचें हें पान आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढून पुसलें जात आहे. चौकाचौकांत उंच खांबांवरचे दिवे रात्रभर आकाशाकडेही उजेड फेकितात. दिवे नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रीं घरीं परतणाऱ्या बायामाणसांस ते हवेतच. त्यांवर झांकण घालून उजेड खालीं वळवावा, एवढी मागणी पालकांनीं ग्रामसभेंत व नगरपरिषदेंत करावी. आणि वर्षांतून दोन-तीन अंधाऱ्या रात्रीं मुलांस शिक्षकांबरोबर गांवाबाहेर येऊं द्यावें. मुलींसही, हवें तर त्यांच्या आईनें सोबत यावें.